दोन बोटं उतार

मी आजवर एकाच माणसाला सायकलची चाकं चपलांसारखी बदलताना पाहिलं आहे. देवळाला वेगळी, मंडईला वेगळी, वारा समोरून असेल तर आणखी वेगळी. सांगाडा तोच, हँडल तेच, वर बसणारी मूर्ती तीच. खाली मात्र आज थोरली जोडी, उद्या मधली, परवा धाकटी. हे गृहस्थ कुंभकोणमला माझे घरमालक होते.

भातगिरण्यांची यंत्रं विकायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, या कामावर कंपनीने मला तिकडे तीन वर्षं धाडलं होतं. तमिळ शून्य. खोली शोधत एका गल्लीत शिरलो, तर ओट्यावर एक उंच, काटकुळे, सत्तरीचे गृहस्थ सायकलच्या चाकाची एकेक तार बोटाने छेडत बसलेले. मी त्यांच्यासमोर उभा राहून मूकनाट्य सुरू केलं. डोक्यावर दोन्ही हात धरून छप्पर दाखवलं, गालाखाली तळवा घेऊन झोप दाखवली, ओंजळ करून पाणी दाखवलं. आंघोळीपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले,

"बाबा, मराठी येतें ना तुम्हांस? मग हातांस कां श्रम देतां?"

मला वाटलं, भिंतीमागे कोणीतरी बखर वाचतंय. यांचं घराणं मराठ्यांच्या अमदानीत तंजावरकडे आलं ते तिथेच राहिलं, आणि सोबत आणलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत मुरवून ठेवली. माझी पुणेरी मराठी ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर, एखाद्या बाळाचं बोबडं बोलणं ऐकताना येतो, तसा भाव यायचा.

"खोली वरती आहे," ते म्हणाले. "जिना चढतां येतो ना? गुडघे ठीक?"

मी पंचेचाळिशीतला. मला तो प्रश्न पाहुणचाराचा वाटला. त्यात किती मत्सर होता ते पुढे कळलं.

सगळी गल्ली त्यांना 'सार' म्हणायची, कारण हायस्कुलात पस्तीस वर्षं गणित शिकवून अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळले होते. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली 'मामी' म्हणायची. तेव्हा मीही सार आणि मामीच म्हणू लागलो. कुठलाही युक्तिवाद संपला की सार उजव्या हाताचं बोट हवेत टेकवून म्हणायचे, "सिद्ध जालें." तो युक्तिवाद खरोखर सिद्ध झालेला असायचाच असं नाही. पण बोट टेकल्यावर बोलायची सोय नसायची.

सायकल त्यांच्या एका विद्यार्थ्याने परदेशी जाताना दिलेली. खरीखुरी रोड बाइक. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, सुरीसारखे टायर, आणि एका हाताने उचलावी इतकी हलकी. मूळची चाकं सातशेची. "म्हणवतें सातशें, भरतें सहाशें बहात्तर," सार म्हणायचे. "मापांत एवढें असत्य बोलणारी वस्तु मी केवळ सायकलच पाहिली." मग त्यांनी मोबाइलवरून साडेसहाशेची जोडी मागवली, पुढे त्याहूनही लहान, सव्वीस इंची. तिन्ही जोड्या देवघराशेजारच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या असत. पाहुणे चुकून त्यांनाही हात जोडायचे.

"सार, एका सायकलीला इतकी चाकं कशाला?"

"नाचियारकोविलचा रस्ता कसा आहे?"

"सपाट."

"पापनाशमचा?"

"तोही सपाटच की! इथे सगळंच सपाट. तुमच्या जिल्ह्यात मी आजवर पाहिलेला सर्वांत उंच चढ म्हणजे आपला जिना."

"त्यांत तुम्ही वारा धरिला नाहीं," सार म्हणाले. "थोरलें चाक वाऱ्यास शीड होतें. धाकटें वाऱ्याखालून निसटतें. सिद्ध जालें."

माझ्यातला यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आतून कण्हला. पण बोट टेकलं होतं.

आता या वाऱ्याच्या शास्त्रामागची खरी गोष्ट सांगतो. ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती आणि गल्लीतलं कोणीच ती बोलत नव्हतं.

मी येण्याआधीच्या वर्षी सार एकदा ओट्यावर पाय ठेवून सायकलवर चढायला गेले. सायकल पुढे गेली, ओटा मागे राहिला, आणि मधल्या गटारात सार. तेव्हा मामींनी भर गल्लीत अट घातली होती. दोन्ही पाय जमिनीवर टेकून, ओटा, पायरी, कठडा, दगड, कशाचाही आधार न घेता चढता येईल तोवर सायकल सारांची. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी ती कोईमतूरला जावयाकडे. जावयाने ती दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेसाठी टांगायची ठरवली होती. "खाली रंगीत दिवा लावतो, मामा," तो फोनवर उत्साहाने सांगायचा, आणि सार फोन कानापासून हातभर लांब धरायचे, जणू तिकडून वास येतोय.

त्यामुळे रोज सकाळी सहाला परीक्षा. मामी दाराशी सडा घालून कोलम, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी, काढायला बसायच्या. सार सायकल बाहेर काढायचे. मामींची पिठाची चिमूट हवेत थांबायची. समोरच्या घरातला पेपर खाली यायचा. सार डावा पाय जमिनीत रोवायचे, उजवा मागून उचलायचे, आणि एका गरुडझेपेत सीटवर. मग पेपर पुन्हा वर, चिमूट पुन्हा खाली.

मी एकदा सुचवलं, "सार, सायकल थोडी आपल्याकडे कलती करायची, मग पाय सहज जातो. सगळेच करतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आमचे पूर्वज घोड्यावरून तंजावरास आले. घोडा आडवा निजवून त्यावर कोणी बसलें, ऐसें वाचलें आहे कोठें?"

"मग मधली दांडी नसलेली सायकल..."

"जेवण जालें काय तुमचें?" म्हणजे विषय संपला.

नव्या चाकांनी नवं संकट आणलं. चाक लहान झालं की त्याची कड खाली जाते, पण ब्रेक सांगाड्यालाच लटकलेले; त्यांचे रबर कडेपर्यंत पोचेनात. दाबलं की हवेला चिमटा. आपण काय केलं असतं? लांब हाताचे ब्रेक मागवले असते. सार नाचियारकोविलला गेले. तिथे पितळी समया करणारे एक कारागीर त्यांचे विद्यार्थी. त्यांना कागदावर आकृती काढून दिली: ब्रेक बोटभर खाली उतरवणारे पितळी तुकडे, दोन. पंधरा दिवसांनी तुकडे आले. माप केसाइतकंही चुकलेलं नाही. फक्त, समईच्या माथ्यावर हंस बसवायचा हात त्या कारागिराला आवरला नव्हता. दोन्ही तुकड्यांवर एकेक हंस, मान वळवून मागे पाहणारा.

"भूमितींत गुरूस चुकवूं नये, परंतु सजावटींत शिष्यास अडवूं नये," सार म्हणाले. त्या दिवसापासून सारांनी ब्रेक दाबला की पुढचा हंस थरथरायचा आणि चालणारे आदराने बाजूला व्हायचे.

दुसरं संकट अंतर मोजणाऱ्या छोट्या यंत्राचं. ते थोरल्या चाकाच्या घेरावर लावलेलं. लहान चाक जास्त वेळा फिरतं, यंत्राला वाटतं आपण जास्त लांब आलो. पहिल्या दिवशी सार पापनाशमहून परतले ते थेट माझ्या दारात.

"पापनाशम पाऊण किलोमीटर लांब गेलें."

"यंत्रात नवा घेर भरा ना, सार! तुम्हीच गणिताचे."

"कां भरूं? काल चौदा चालविली तर मामी म्हणे, एवढेंच? आज तेवढ्याच श्रमांत पावणेपंधरा." एक डोळा बारीक करून ते म्हणाले, "गणित हें ज्यास कळतें, त्याच्याच कामास येतें."

यंत्रावर विसंबून ते पुढे प्रत्येक गावाचं अंतर चाकानुसार दोन-तीन प्रकारे सांगू लागले. गल्लीतल्या एका बाईंनी त्यांच्या हिशोबावर सुंदरपेरुमाळ कोयिलला पायी जायचं ठरवलं होतं. "सार, तुमच्या कुठल्या चाकाने?" असं विचारूनच त्या निघाल्या.

आता सायकलच्या दुकानातला तो दिवस. साडेसहाशेच्या जोडीला टायर घ्यायला मी सारांबरोबर गेलो होतो. दुकानदार मन लावून काम करणारा. आपलं ज्ञान दाखवायची संधी त्याला कुंभकोणममध्ये फारशी मिळत नसावी. तो आनंदाने म्हणाला, "सार, सगळे लोक लहान चाक कशासाठी घालतात? जाड टायर बसावा म्हणून! हा घ्या, चांगला गुबगुबीत. चाक लहान, टायर जाड, म्हणजे उंची पहिल्याइतकीच! एक बोटसुद्धा फरक पडणार नाही!"

"अय्यो!" सार किंचाळले. "मग बदलावें तरी कशास?"

सारांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताला टांगलेल्या टायरांकडे पाहिलं.

"पातळ द्या," ते हळू म्हणाले. "असतील त्यांतले सर्वांत पातळ. वाऱ्यासाठीं."

म्हणजे असं. थोरल्यावरून मधल्यावर आलं की सायकल एक बोट खाली. मधल्यावरून धाकट्यावर, आणखी अर्धं बोट. सारांचा उजवा पाय वर्षाला जितका कमी उठत होता, तितकी सायकल ते जमिनीकडे उतरवत होते. ज्या सकाळी कंबर मोकळी असेल त्या सकाळी थोरली चाकं आणि देऊळ. कंबर धरली असेल तर 'आज वारा आहे'. देवघराशेजारच्या तीन खुंट्या म्हणजे सारांच्या कंबरेचं पंचांग होतं.

एकदा तर त्यांनी नातवाच्या जुन्या सायकलची वीस इंची चाकं परसात बसवून पाहिली. दिमाखात चढले, पाय इतका सहज गेला की त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मग पेडल फिरवलं. अर्ध्या फेरीत खालचं पेडल जमिनीला टेकलं. वरचा पाय वर, खालचा खाली, आणि सार मध्ये पुतळ्यासारखे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामींचा आवाज आला: "कॉफी तेथेंच आणूं काय?"

धाकट्या चाकांची बाधा तीच, पण थोडी. सरळ जाताना काही नाही. वळणावर झुकलं की पेडल रस्त्याला घासायचं. सार वळणावर पेडल थांबवून धरायचे. एके दिवशी तलावाजवळच्या कोपऱ्यावर ते विसरले. मी स्कूटरवर मागेच होतो. खर्र आवाज झाला, मागचा हंस उडाला, आणि सार थेट विड्याची पानं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत. हिरव्यागार पानांत बसलेले सार, एक पान डोक्यावर.

"सार," ती बाई म्हणाली, "मागितली असतीत तर दिली असती ना पानं!"

"झुकण्याचा कोन अधिक जाला," सार मला म्हणाले. कोपर सोलवटलं होतं, आणि उठताना त्यांनी जो हात पुढे केला तो किती वेळ सोडला नाही, हे मी तेव्हा मोजलं नाही.

घरी मी कोपर धुऊन दिलं. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. मला वाटलं, संपलं, आता कोईमतूर. मामींनी विचारलं, "सकाळीं चढले तें जमिनीवरनंच ना?"

"होय," मी म्हणालो.

"मग अट शाबूत आहे. अट चढण्याची होती. पडण्याची नव्हती." आणि त्या आत गेल्या.

सारांनी धाकटी जोडी खुंटीला टांगली ती कायमची. मधल्या जोडीवर चार दिवस परीक्षा दिली. चौथ्या दिवशी टाच सीटला लागून खाली आली, दुसऱ्या झेपेला जमलं. मामींनी ती पहिली झेप पाहिली नाही, कारण नेमकं त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यात पीठ गेलं. पाचव्या दिवशी दुपारी मी वरच्या खिडकीत उभा होतो. खाली परसात सारांनी सातशेची थोरली चाकं बसवली होती. आसपास पाहिलं. पाय उचलला. दांडीपर्यंत गेला, खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा अर्ध्यावरूनच. मग नारळाच्या झाडाकडे पाहून सार म्हणाले, "वारा आहे."

झाडाचं पानही हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सारांना सर्दी झाली. आठ दिवस सर्दी, एकही शिंक नाही. सकाळी मामी रांगोळी काढायच्या, समोरच्या घरातला पेपर खाली यायचा, वाट पाहायचा आणि निमूट वर जायचा. त्यातच जावयाचा फोन. भिंतीत खिळे ठोकून झाले होते. दिव्याचा रंग निळा की पिवळा, एवढंच ठरायचं होतं. सारांनी फोन मामींकडे दिला आणि आत जाऊन पालथे झोपले.

त्यानंतरच्या सोमवारी मामी जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या वर कधीच येत नसत.

"तुमच्या पेटींत तें कांचेचें आहे ना? आंत पाण्याचा बुडबुडा असतो, तें."

"पाणसळ?"

"तें द्या. दाराशी सडा घातला कीं पाणी तुंबतें. गवंडी बोलाविला आहे."

मी पाणसळ घेऊन खाली गेलो. सार देवळात गेले होते, पायी. गवंडी दारासमोरच्या रांगोळीच्या जागेवर सिमेंट पसरत होता. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध. गवंडी अभिमानाने हसला.

"छे," मामी म्हणाल्या. "बुडबुडा बाजूस जाऊं दे. घराकडे उंच, रस्त्याकडे उतार."

"किती?" मी विचारलं.

"दोन बोटें." मग माझ्याकडे न पाहता, थापी हातात घेऊन कड सारखी करत त्या म्हणाल्या, "थोरल्या चाकास तितकें पुरे होईल ना? धाकट्यानें दीडच बोट उतरतें. मी अर्धें अधिक धरिलें. पुढील वर्षासाठीं."

मी त्या ओल्या सिमेंटकडे पाहत राहिलो. माणूस घराच्या बाजूला, उंचावर उभा. सायकल रस्त्याच्या बाजूला, खाली. ओटा नाही, पायरी नाही, दगड नाही. जमीनच.

"मामी, मग अटच मागे घ्या ना!"

"घेतली तर काय म्हणतील ते? बायकोनें दया केली." त्यांनी थापी झटकली. "माझी अट माझ्यापाशीं असूं दे. आणि तुम्ही वरच्या मजल्यावरचे, वरतीच रहा. यांस एक अक्षर सांगाल तर उद्यापासून कॉफी चिकोरीची."

मी शपथ घेतली. कुंभकोणमसारख्या अस्सल कॉफीच्या गावात राहून चिकोरीच्या भेसळीची धमकी कोणी हसण्यावारी नेत नाही.

सिमेंट सुकलं. तिसऱ्या दिवशी सारांची सर्दी अचानक बरी झाली. सहा वाजले. सायकल बाहेर आली. थोरली, सातशेची चाकं, पितळी तुकडे काढून ठेवलेले. मामींची चिमूट हवेत. पेपर खाली. सार सायकल घराला समांतर लावून उभे राहिले, डावा पाय उंचावर, चाकं उतारावर. पाय गेला. सीटला स्पर्शही न करता गेला. समोरच्या घरातून टाळी ऐकू आली आणि लगेच खोकल्यात बुडाली.

एकच अडचण. हा चमत्कार घर डावीकडे असतानाच घडायचा. म्हणजे तोंड पूर्वेलाच हवं. पापनाशम पश्चिमेला. त्यामुळे सार पापनाशमला जायलाही आधी पूर्वेला निघायचे आणि देवळाला वळसा घालून, पाच मिनिटांनी पुन्हा आमच्याच दारावरून घंटी वाजवत पश्चिमेला जायचे.

"शुभ कार्यास पूर्वाभिमुख निघावें," ते मला म्हणाले. "सिद्ध जालें."

त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात आले. जिना चढून. दार लोटून घेतलं, आणि वर्गात कॉपी करणाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले,

"बाबा, एक सांगतों, मामीस कळूं देऊं नका. तिनें पाण्यासाठीं उतार करविला आहे ना? मी मोजला. अडतीस मिलिमीटर! तिला कल्पनाहि नाहीं कीं तिच्या पाण्यानें माझी सायकल राखिली." हसताना त्यांचे खांदे हलत होते. "पस्तीस वर्षें गणित शिकविलें, परंतु ऐसें उदाहरण आयतें सांपडलें नाहीं. शपथ घ्या."

मी दुसरी शपथ घेतली. खाली कॉफी होती, समोर सार होते. माणूस करणार काय?

माझी बदली झाली. गेल्या वर्षी एका गिरणीच्या कामाने पुन्हा तिकडे गेलो तेव्हा मुद्दाम पहाटेच गल्लीत पोचलो. मामी रांगोळी काढत होत्या. दाराशी घराच्या बाजूला सिमेंटचा एक नवा थर दिसत होता, जुन्याहून किंचित उजळ. मी खाली वाकून बोटं लावली. तीन.

"पाणी फार तुंबतें अलीकडे," मामी म्हणाल्या.

रांगोळी पुरी झाली. ठिपके, वेली, चारी बाजूंनी भरलेली. फक्त वरच्या अंगाला, जिथे उतार सुरू होतो तिथे, एक लांबट जागा त्यांनी कोरी सोडली होती. आतून सायकलची साखळी वाजली. सार बाहेर आले, मला पाहून बोट वर केलं, म्हणजे आधी परीक्षा, मग गप्पा, आणि खाली न पाहताच डावं पाऊल त्या कोऱ्या जागेत ठेवलं. रांगोळीचा एक कणही मोडला नाही.